पूजलेलं इंजिन

आजकाल लाइन गेली की माझी सून जिन्याखालच्या जनरेटरचं बटण दाबते आणि घर पुन्हा उजळतं. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. मलाही वाटत नाही, कारण सौंसरात विजेचा खांबसुद्धा नव्हता तेव्हा आमच्या घरात बल्ब लागायचा, आणि तो मी लावायची. हे कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी भिंतीवरच्या माझ्या नवऱ्याच्या फोटोकडे बघतो. जणू मी त्यांचं काम चोरून स्वतःच्या नावावर सांगते आहे. या बघण्याचा मला मनस्वी राग येतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

माझं माहेर रामाकोन्याचं. वडिलांचा संत्र्याचा बगीचा होता आणि विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन. भावांना त्याची भीती वाटायची. मला नाही वाटली. एका हाताने वरचा खटका उघडून धरायचा, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं, मोठं चाक वेगात आलं की खटका सोडायचा आणि त्याच क्षणी हँडल काढून घ्यायचं. वेळ चुकली तर मनगट जायचं. माझी कधी चुकली नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली माझं लग्न होऊन मी सौंसरला आले. दोन वर्षांनी वडिलांनी विहिरीसाठी मोठं इंजिन घेतलं आणि जुनं बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून माझ्या सासरी धाडलं. सोबत निरोप होता, "पोरीले सवय आहे, तिच्याच हातात राहू द्या." निरोप घरात सगळ्यांनी ऐकला. लक्षात मात्र मी एकटीने ठेवला.

माझे यजमान नागपूरच्या गिरणीत फिटरचं काम शिकून आले होते. कुठलंही यंत्र त्यांच्या हाताला वश व्हायचं. त्यांनी त्या इंजिनावर पिठाची चक्की बसवली. पुढे गावोगाव तंबू टाकून सिनेमा दाखवणाऱ्या एकाचा धंदा बुडाला, त्याचा डायनमो ते घेऊन आले. दिवसभर इंजिनाचा पट्टा चक्कीवर, आणि दिवेलागणीला तोच पट्टा डायनमोवर चढवला की घरात चार बल्ब लागायचे. दिवा लागला की हात जोडायची आपली रीत. माझी सासू बल्बालाही हात जोडायची.

चक्की मीच चालवायची. बाया टोपल्या घेऊन रांगेत बसायच्या, गप्पा व्हायच्या, पिठाने माझ्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. स्वयंपाकघरात मी धाकटी सून होते, जी सांगतील ते करणारी. चक्कीच्या खोलीत मात्र मी म्हणेन तेव्हा चाक फिरायचं आणि मी म्हणेन तेव्हा थांबायचं. ती एक खोली गेली असती तर त्या घरात माझं असं काहीच उरलं नसतं.

आता भासऱ्यांबद्दल सांगते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांचं कापडाचं दुकान होतं, गावात शब्दाला वजन होतं, आणि घरात सगळे त्यांना 'मोठे' म्हणायचे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंना सांगायचं, मग जाऊबाई त्यांना सांगणार. समोर चार हातांवर उभे असले तरी निरोप वळसा घालूनच जायचा. आठ वर्षं एका घरात राहून त्या माणसाशी मी एक शब्द बोललेली नव्हते.

गावात लाइन आली आणि मोठ्यांनी ठरवलं की चक्की दुकानाच्या गल्लीत न्यायची, विजेच्या मोटरवर, तिथे माणूस ठेवायचा. इंजिन आणि डायनमो पांढुर्ण्याच्या एका संत्रेवाल्याला विकायचा. मला हे कळलं भाजी निवडताना.

"माहीत हाये का तुले?" जाऊबाई म्हणाल्या. "इंजिन विकून राहिले. दसऱ्याले येऊन राहिला तो मानूस न्यायले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच उठून यजमानांकडे गेले.

"दादा म्हनतात त्यात खोटं काय?" ते म्हणाले. "लाइन आली. आता तेल कोन जाळन?"

"अन् लाइन गेली तं?"

"येते ना वापस."

"इंजिन माह्या बापानं धाडलं. मले काहून नाई इचारलं कोनी?"

ते पाना उचलून डायनमोकडे वळले. देवमाणूस होता, पण भावासमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. मोठं यंत्र खोलून पुन्हा जोडतील, पण "दादा, हे बरोबर नाही" एवढं वाक्य त्यांना जन्मात जोडता आलं नसतं. त्या दिवशी मला भासऱ्यांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला, आणि तो पुष्कळ दिवस गेला नाही.

खंडेनवमी उजाडली. या दिवशी आपण हत्यारं, अवजारं, यंत्रं पूजतो आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत ती चालवत नाही. मोठ्यांनी इंजिन धुवायला लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि चाकाला लाल धागा सात फेरे देऊन बांधला. एरवी पूजा यजमान करायचे. त्या वर्षी मोठे स्वतः आले, कारण निरोप द्यायचा होता.

"पूजलं हे. आता याले कोनी हात लावू नका," ते भिंतीकडे बघत म्हणाले, म्हणजे मला म्हणाले. "उद्या सीमोल्लंघन. उद्याच जाईन हे इंजिन."

त्याच संध्याकाळी आमच्या चक्कीमागच्या मैदानात सभा होती. राज्यांच्या फेररचनेचा अहवाल आला होता आणि सौंसर, पांढुर्णा हा सगळा मराठी मुलूख हिंदी राज्यात ठेवणार अशी बोलवा होती. आम्हाला नागपूरसोबत जायचं आहे, असा ठराव करायचा होता. नवमीला सगळ्यांचीच कामं बंद, म्हणून तोच दिवस धरला होता. रामाकोन्याहून, जामसांवलीहून, पांढुर्ण्याहून, सावरगावहून बंड्या आल्या. मोठे सभेच्या पुढाऱ्यांत होते, पांढरी टोपी घालून सकाळपासून धावत होते. बोलायला नागपूरचे एक वकील आले होते, आणि आठ दिवस गावोगाव बोलून त्यांचा घसा पार बसला होता. सगळी भिस्त लाउडस्पीकरवर होती.

दिवेलागणीला लाइन गेली. कोणी मुद्दाम घालवली असं नंतर बरेच जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. ती जायचीच. कावळा बसला तरी जायची.

उजेडाला पेट्रोमॅक्स आणले, पण लाउडस्पीकर काही पेट्रोमॅक्सवर बोलत नाही. वकील उभे राहिले तर पहिल्या दोन रांगांपलीकडे कोणाला ऐकू जाईना. मागची माणसं उठायला लागली. मी मागच्या दारातून बघत होते. तेवढ्यात मोठेच घाईघाईने आमच्या अंगणात आले.

"इंजिन लाव लवकर," ते यजमानांना म्हणाले.

यजमान निघाले, चाकावरचा धागा दिसला तसे थबकले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी खांबाआड उभी राहून जाऊबाईंना म्हणाले, आणि चांगलं मोठ्याने म्हणाले, "जाऊबाई, मोठ्याईले इचारा, पूजलेल्या इंजिनाले हात लावू नका, हे सकाळी कोन बोललं होतं?"

जाऊबाईंनी बिचारीने ते सगळं पुन्हा म्हटलं.

"म्हना तिले, गावाचं काम हाये. देव समजून घेते."

"मंग धागा ज्यानं बांधला त्यानंच तोडावा."

मोठे पुढे आले. सात फेरे होते, घट्ट बांधलेले, लवकर तुटेनात. शेवटी खिळ्याला घासून तोडले. मैदानातले पाच-सात जण तोवर कुंपणाशी येऊन उभे होते, त्यांनी ते पाहिलं.

"अन् उद्याचं काय?" मी विचारलं. जाऊबाईंनी विचारलं.

"उद्याचं उद्या पाहू."

मी तिथेच हाताची घडी घालून बसले असते तर मला कोणी काही करू शकलं नसतं. मनात आलंही. पण सभा काही एकट्या भासऱ्यांची नव्हती. माझी मुलगी मराठी पहिलीत होती, नुकती बाराखडी गिरवायला लागली होती. ती सभा माझीसुद्धा होती, म्हणून मी पदर खोचला.

यजमानांनी आधी घराचं कटआउट काढून खांबावरची लाइन तोडली. हा पहिला नियम. आपलं इंजिन चालू असताना वरून लाइन परत आली तर डायनमो जळून जातो. मग त्यांनी पट्टा डायनमोवर चढवला आणि हँडलला हात घातला. मी म्हटलं, "द्या इकडे." खटका उघडला आणि फिरवायला लागले. डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता. भासरे वळून तुळशीकडे तोंड करून उभे राहिले, कारण माझ्याकडे बघायची सोय नव्हती. दिवसभर थंड पडलेलं इंजिन, दोनदा नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा लागलं. झेंडूची माळ चाकाबरोबर फिरून तिच्या पाकळ्या खोलीभर उडाल्या आणि छपरावरच्या नळीतून पुक पुक आवाज सुरू झाला.

लाउडस्पीकरवाला पांढुर्ण्याचा होता, घाईला आलेला. त्याची वीज घ्यायची वायर स्टेजपर्यंत पुरेना, म्हणून त्याने आवाज मोठा करायचा आपला डबा आमच्याच ओसरीवर मांडला. भोंगा मैदानातल्या कडुनिंबावर होता.

"वहिनी," माईक माझ्या हातात देत तो म्हणाला, "मी भोंगा पाहून येतो. तुमी काहीबी बोलत राहा, म्हंजे आवाज येते का नाई ते मले तिकडं समजन. थांबू नका."

आणि तो पळाला. माझ्या हातात माईक, समोर अंगणात भासरे, आणि मागे अख्खं मैदान. भासऱ्यांशी बोलायचं नाही हा नियम मी मोडला नाही. मी गावाशी बोलले.

"ऐका जी," मी म्हटलं, आणि माझाच आवाज कडुनिंबावरून परत आला तशी मी माईक तोंडापासून लांब धरला. पण त्याने थांबू नका म्हटलं होतं. "मी चक्कीवाली बोलून राहिली. लाइन गेली हाये. हे जे चालू हाये ते माह्यं इंजिन हाये. रामाकोन्याहून माह्या बापानं बंडीत घालून धाडलं, पोरीच्या हातात राहू द्या म्हनून. उद्या ते विकाले काढलं हाये. मले कोनी इचारलं नाई. तुमाले बी तं कोनी इचारलं नाई ना, कोन्या राज्यात राहता म्हनून? म्हनून तं बसले ना तुमी इथं? मंग मी बी सांगून ठेवते. इंजिन जानार नाई. ज्याले न्यायचं असन त्यानं आधी मले बंडीत घालावं." मग मला आठवलं की मी कशासाठी बोलत होते. "आवाज येऊन राहिला का?"

"येऊन राहिला!" मैदान ओरडलं.

लाउडस्पीकरवाला धावत आला आणि त्याने माझ्या हातून माईक काढून घेतला आणि त्याची लांब तार ओढत स्टेजवर नेला. सभा व्यवस्थित झाली. वकिलांचा बसलेला घसा शेवटच्या बंडीपर्यंत ऐकू गेला, ठराव झाला, घोषणा झाल्या. मी तोवर इंजिनापाशी होते, टाकीतलं पाणी बघत.

"एवढं बोलायची काय गरज होती?" यजमान हळूच म्हणाले.

"तुमी बोलले असते तं नोती," मी म्हटलं. त्यांनी तेलाची बुधली घेतली आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

दसऱ्याला पांढुर्ण्याचा संत्रेवाला आला, पण बंडी न घेता सायकलवर. मोठ्यांना आपट्याची पानं दिली, गळाभेट केली आणि म्हणाला, "राहू द्या ते इंजिन. काल मी बी मैदानात होतो. येऊन राहिला म्हनून मी बी ओरडलो."

मोठे त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. तसेही बोलत नव्हते. दुकानाच्या गल्लीत मोटरची दुसरी चक्की बसली, आणि लाइन गेली की तिथल्या बाया टोपल्या उचलून माझ्याकडे यायच्या.

आमच्या ठरावाला वरून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. एवढ्या माणसांनी एका आवाजात सांगितलं, तो आवाज कुठवर पोचला कोण जाणे. मला अजून त्याचा राग आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही. घरात आम्ही मराठीच बोलत राहिलो, मुलीला मराठीतच लिहायला लावलं, आणि हेही मराठीतच लिहिते आहे.

नवा नकाशा लागू व्हायला थोडे दिवस होते तेव्हा पुन्हा खंडेनवमी आली. मी इंजिन धुऊन पुसून ठेवलं होतं. सकाळी मोठे आले. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग खिशातून लाल धाग्याची गुंडी काढली, ती इंजिनाच्या पायाशी ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हना तिले, बांध म्हनावं."

जाऊबाई तिथे नव्हत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी गुंडी उचलली आणि चाकाला सात फेरे दिले. गाठ मात्र अशी मारली, की लाइन गेली तर एका झटक्यात सुटावी.