वाणाची वाटी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलीलाही बोलावलं. ती झाबुआकडची, भिल्ल. इथे इंदुरातच भंवरकुआं भागात कोचिंगला जाते. तिला कुंकू लावताना मी जमलेल्या बायकांना कौतुकानं म्हणाले, "आदिवासी वाटते का हो ही? बिलकुल नाही!" सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. तिनं वाणाची स्टीलची वाटी घेतली आणि वर गेली.

माझी पुण्याची नणंद दर लग्नात मला म्हणते, "तू इंदूरची वाटतच नाहीस गं, मराठी किती शुद्ध!" तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. मग त्या दिवशी माझ्या जिभेला काय झालं होतं?

दिलेलं वाण कुणी परत करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी माझ्या दाराशी होती, लख्ख घासलेली.