हार्लबरी घराण्याची अर्धी हकीकत

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्या गोऱ्यांचं खानदान पाटलापुढं उलगडायला?"

"मी कुठं पुरं उलगडलं? अर्धं ऐकून उठला तो. उठणाऱ्याला मी काय धरून ठेवू?"

हे भांडण मी बाहत्तर साली भिंतीपलीकडून ऐकलं. बोलणारी अकबरबी, उत्तर देणारे तिचे मालक कमरोद्दीनचाचा. त्यांची उर्दू मी माझ्या मराठीत लिहिली आहे. शिव्या दोन होत्या, त्या गाळल्या.

चाचांचं आमच्या कुंभार पिंपळगावात चहाचं हॉटेल होतं. त्याआधी जालन्याला, निजामाच्या राज्यात, ते रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाचे खानसामे होते. साहेब विलायतेतल्या हार्लबरी नावाच्या मोठ्या घराण्यातला. त्या घराण्याच्या पाच पिढ्या चाचांना तोंडपाठ. पणजोबा राणीचा मंत्री, आजोबा त्याच खुर्चीवर, मग बाप. स्वतःच्या आजोबाचं नाव विचारलं तर मात्र चाचा जरा थांबायचे.

आमच्या सर्जेराव पाटलांना ही हकीकत फार गोड लागायची. दहा वर्षं जिल्हा परिषदेवर बसलेला माणूस. आता निवडणुकीत पोरांना उभं करायचं, तर कोणती पार्टी येईल याचा भरवसा नव्हता.

"चाचा, तुमच्या लाटसाहेबांनी काय केलं असतं?"

"सोपं आहे, पाटील. एक भाऊ ह्या पार्टीत, दुसरा त्या पार्टीत. सभेत एकमेकांची अब्रू काढायची आणि इतवारी एका टेबलावर भाजलेलं मटण खायचं. सरकार बदललं तर मंत्र्याची टोपी घरातल्या घरात ह्या खुंटीवरून त्या खुंटीवर. फकत एक गोष्ट..."

पण पाटील तोवर पायताण घालून निघाले होते. दुसऱ्या दिवशी थोरला धर्मराज एका पार्टीत गेला, धाकटा साहेबराव दुसऱ्या पार्टीत.

दोघंही मन लावून भांडले. इतकं, की साहेबराव भाषणात थोरल्या भावाच्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यापर्यंत पोचला. निवडून आला अप्पाराव, ज्याला दोघांनी मोजलंच नव्हतं. निकालाच्या आठव्या दिवशी साहेबराव बापाला म्हणाला, "पार्टी वेगळी, मंग चूल बी वेगळी. वावराची मोजणी करा." महिन्यात अंगणात भिंत उभी राहिली.

पाटील हॉटेलात आले. नेहमीच्या बाकावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"चाचा, तुमच्या लाटसाहेबांच्या घरात भिंत का पडली न्हाई?"

"तिथं सगळं थोरल्याचं असतं, पाटील. जमीन, महाल, नाव. धाकट्याला काडी न्हाई. सभेत कितीबी ओरडला तरी जेवायला थोरल्याच्याच टेबलावर. माझा साहेब धाकटा होता. न्हाईतर जालन्याच्या उन्हात कशाला आला असता?"

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगून राह्यलो होतो. तुम्ही पायताण घालत होता."

पाटील आले तसे माघारी गेले. आणि घरी अकबरबीनं चाचांना धरलं, ते वर लिहिलंच आहे.

ती रागावली म्हणून नव्हे, पण चाचांना ते लागलं. ती दोन्ही पोरं त्यांच्या हॉटेलात बिस्किटं बुडवून खात मोठी झालेली, आणि आता रस्त्यात समोर आली की एक जण मान वळवायचा, दुसरा बाजू बदलायचा. पाटलांकडं रोज सकाळी चहाची किटली जायची. ती चाचा आता स्वतः न्यायला लागले. आधी थोरल्याकडं, मग भिंतीला वळसा घालून धाकट्याकडं. चहा एकाच किटलीतला.

"धर्मराज, साहेबरावानं विचारलंय, गुडघा कसा आहे."

"साहेबराव, थोरल्यानं विचारलंय, पोरीचा ताप उतरला का."

कुणी काही विचारलेलं नसायचं. दोघांना ते बराबर ठाऊक होतं. तरी धर्मराज पेल्यात बघत म्हणायचा, "सांगा, बरा आहे." आणि साहेबराव म्हणायचा, "उतरला म्हणावं." अशी सात वर्षं गेली. आमच्या गल्लीत आम्ही बायका हसायचो, की विलायतेची पार्लमेंट चाचांनी किटलीवर चालवली आहे.

एकोणऐंशीच्या थंडीत चाचांना दम लागायला लागला. एका सकाळी अकबरबी म्हणाली, "आज किटली मी नेते."

"तुला खोटं बोलता येत न्हाई," चाचा म्हणाले आणि मफलर गुंडाळून निघाले.

त्याच दुपारी ते गेले. सकाळची फेरी मात्र त्यांनी सोडली नव्हती. थोरल्याला सांगितलं, धाकट्यानं विचारलंय, हरभरा कसा आहे. धाकट्याला सांगितलं, थोरल्यानं विचारलंय, विहिरीला पाणी किती आहे. साहेबराव म्हणाला, "दोन पुरुष खोल आहे म्हणावं." चाचा वळसा घालून परत थोरल्याच्या दारात आले, पाण्याचं सांगितलं, दोन्हीकडचे पेले बोटांत अडकवले आणि हॉटेलाकडं निघाले.