लोणारचं स्थळ

"लोणारचं स्थळ लांब हाय, पण साऱ्या जगात तसं दुसरं न्हाय. मधी एकदा पार गुलाबी झालतं. जवळ गेलं की जरा वास येतो म्हणत्यात, पण…"

एवढंच ऐकू आलं आणि मेली कुकरची शिट्टी झाली. त्या अर्ध्या वाक्यावर मी जे करून बसले, ते कुठल्या तोंडानं सांगू? पण तुम्ही घरचीच माणसं.

बोलत होते शेजारचे आबा, मालनवहिनींशी. भिंत सामाईक, त्यात माझा काय दोष? त्यांचा अमर वालचंदनगरला नोकरीला, लग्नाचा. माझ्या बहिणीची सारिका बावड्यात, तीही लग्नाची. मी वर्षभर मनातल्या मनात दोघांची पत्रिका जुळवून ठेवलेली. विषय काढायचा तेवढा बाकी. आणि हे निघाले लोणारला स्थळ बघायला! गुलाबी झालं म्हणे. लाजली असेल. पण वास? साखरेच्या मुलखातला पोरगा असल्या ठिकाणी द्यायचा?

वाटीभर कालवण घेऊन लगेच गेले. तिघंच जाणार असं कळलं.

"आबा, तीन तिगाडा, काम बिगाडा. शुभ कामाला तिघं असली तर चौथा म्हणून दगड तरी घेत्यात. दगडापेक्षा मी काय वाईट?"

वहिनी म्हणाल्या, नुसतं फिरायला चाललोय. फिरायला! मी काय आज बारामतीत आले? पहाटेच पैठणी नेसून गाडीत जाऊन बसले. उतरवणार कोण?

आता माझं काम एकच. दुधात मिठाचा खडा टाकायचा.

बीडच्या अलीकडं ढाब्यावर शेवभाजी आली. मी पहिला घास घेतला आणि मोठा उसासा सोडला. "बोलू नये, पण ते स्थळ मला म्हाईत हाय."

आबांचा हात भाकरीवरच थांबला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कळतं सगळं. पोरगी दिसायला बरी, पण जिभेला हाड न्हाय. साधा चहा जमत न्हाय तिला."

तिघं एकमेकांकडं बघायला लागली. लागला की बाण! पुढच्या हॉटेलात कचोरी खाता खाता मी तिचं एक लग्न मोडलं. आबा उठून बाहेर फोनवर बोलून आले. लोणारजवळ पिठलं-भाकरी येईपर्यंत ती झोपेत चालायलासुद्धा लागली होती. अमर बिचाऱ्यानं ताट बाजूला सारलं. मी आणखी ठेचा मागवला.

वहिनींनी माझा हात धरला. "दुसरी कुणी असती तर झाकलं असतं, अक्का."

मी कशाला झाकू? माझी कोण लागते ती?

गाडी वर काठावर थांबली. मी पदर सारखा केला. खाली डोंगराच्या वाटीत हिरवंगार तळं, आणि माणसाचं घर म्हणून एक दिसेना.

"पोरीचं घर कुठं हाय?"

"कुठल्या पोरीचं?" अमर म्हणाला. "काकू, हेच ते स्थळ. खाऱ्या पाण्याचं तळं. बघायचं स्थळ."

खरंच वास येत होता.

"मग वाटंनं तुमी कुणाचं सांगत हुता?" आबांनी विचारलं.

"तुमी कुणाचं ऐकत हुता?"

वहिनी तळ्याकडं बघत म्हणाल्या, "तुमच्या सारिकाचं. उद्या परतताना बावड्याला बघायला जायचं हुतं. गावभर हुईल म्हणून तुमाला सांगितलं न्हाय. आता तर ह्यांनी येत न्हाय म्हणून कळवलं बी."

मला तिथंच तळ्यात उतरावंसं वाटलं. मिठाचा खडा घेऊन निघाले आणि पोचले मिठाच्याच तळ्यावर! दोन्ही कान धरून सांगितलं, चहा येतो, लग्न मोडलेलं नाही, झोपेत चालत नाही. थोडी घोरते, पण ते काही मी तेव्हा सांगितलं नाही. मग बहिणीला फोन. ती रडत विचारत होती, कुणी मेलीनं आमच्या पोरीची बदनामी केली? म्हटलं, लोक असतातच गं असली.

दुसऱ्या दिवशी बावड्यात मुलीची मावशी मुलाच्या गाडीतून उतरली. अमर सारिकाच्या हातचा चहा दोनदा प्यायला. पसंती झाली. म्हणजे माझ्या कानांनी अगदीच दगा दिला नव्हता. स्थळ होतंच, फक्त लोणारचं नव्हतं.

गेल्या रविवारी ते बोलणी करायला निघाले. परत तिघंच. मी पैठणी नेसून दारात हजर. "आबा, तीन तिगाडा…"

आबांनी गाडीचं मागचं दार उघडलं. वहिनींच्या शेजारी, माझ्या जागेवर, घडी घातलेल्या टॉवेलवर एक गुळगुळीत दगड बसला होता.

"चौथा हाय, अक्का," आबा म्हणाले. "आणि ह्यो बोलत न्हाय."