मागच्यांना ऐकू नाही आलं

"अरे वा, हिची फॅमिली हिस्ट्री तर स्वतः चालत आली!" सर म्हणाले. अख्खी खोली हसली.

मी मानसोपचाराची रेसिडेंट. पहिलं वर्ष. मुंबईच्या कॉलेजातून आम्ही वसईला कॅम्पला यायचो. पद्धत अशी की पेशंट मधोमध स्टुलावर, भोवती आम्ही सगळी पोरंपोरी, आणि सर प्रश्न विचारणार. याला शिकणं म्हणायचं. मीपण म्हणायचे.

त्या दिवशी स्टुलावर माझी काकी होती. आमच्या मिठागराच्या गावची. तिचा एकुलता एक मुलगा वालीवच्या कारखान्यात मशीनमध्ये सापडून गेला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी स्टॉपवर जाऊन उभी राहायची, वालीवची बस येईपर्यंत. मीच आईकडे निरोप दिला होता, काकीला कॅम्पला पाठव म्हणून. मीच!

मला बघून ती केवढी फुलली. "बाय, तू हायेस ना, मंग मना भ्या नाय."

"कोण ही तुझी?" सरांनी विचारलं.

"काकी, सर."

त्यावर तो जोक. वर हेपण, "कोट्यातून आलीयस ते ठाऊक होतं. हे नव्हतं." पुन्हा हशा. माझे कान तापले. काकीला काही कळलं नाही, पोरं हसतायत म्हणून तीपण हसली. ते हसू मला अजून दिसतं.

"काय गं, मुलगा मेलाय हे माहितीये ना तुला?"

"म्हाईत हाय, साहेब."

"मग स्टॉपवर कुणाची वाट बघतेस?"

काकी पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "कोनाची नाय. पन घरात तरी कोन हाय?"

पोरं लिहून घेतायत. आणि सर म्हणाले, "मोठ्याने. परत सांग. मागच्यांना ऐकू नाही आलं."

मी उठले. "बास, सर. ती परत नाही सांगणार."

"खाली बस. एवढी इमोशनल असशील तर या लाईनमध्ये टिकायची नाहीस."

मी काकीचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. व्हरांड्यात ती घाबरून म्हणते, "मी नीट नाय बोलली काय गं? तुला वरडतील आता, माझ्यामुलं."

ती परत कधीच कॅम्पला आली नाही. मी घरी गेले, समजावलं, हातापाया पडले. मी नेलेल्या गोळ्यापण घेईना. एकच धोशा, "नको बाय. तुझं शिक्षान बिघडंल." आणि संध्याकाळ झाली की चालली स्टॉपवर.

खूप रडले. हे शिक्षण सोडून द्यावं वाटलं. नाही सोडलं.

पुढच्या कॅम्पला केस मांडायची पाळी माझी. मी ते स्टूल उचललं आणि बाहेर ठेवून आले.

"पेशंट कुठे बसणार?" सर म्हणाले.

"खुर्चीवर. माझ्या शेजारी. आणि आधी मी विचारणार, एवढ्यांसमोर बोलायचंय का. पेशंट नको म्हणाला तर सगळे बाहेर."

"सगळे?"

"हो. तुम्हीसुद्धा, सर."