सांगितलेलं घेऊन या

सगळ्यात आधी आल्या त्या ताराअक्का, माझ्या मोठ्या नणंदबाई, धुळ्याच्या पहिल्या एसटीने... आणि त्यांच्या हातात बिबडे नव्हते. मागोमाग एक जाडशा बाई आणि त्यांचे मालक आमच्या पारोळ्याच्या ओसरीवर चढले.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड हो. अक्कांच्या बिबड्यांत तीळ जास्त, मीठ कमी. किती वेळा सांगितलं, पण ऐकतील तर अक्का कसल्या... असो, ते राहू दे.

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या पुढची, सोमवारची. आमची धाकटी मंगल त्याच दिवशी अकराच्या गाडीने जळगावला कॉलेजला निघाली होती. तिघी मोठ्या लग्न होऊन गेलेल्या, घरात ही एकटीच उरलेली.

आता खरं सांगते. त्या पाहुण्यांना मीच बोलावलं होतं. त्यांचा मुलगा आमच्याच पारोळ्यात मास्तर... म्हणजे पोरगी दोन गल्ल्या सोडून राहिली असती. नानांना, म्हणजे आमच्या मालकांना, यातलं काही माहीत नव्हतं.

माझी शाळा दुसरीतच सुटली. मुलींची पत्रं मंगलच वाचायची, उत्तरंही तीच लिहायची. त्यामुळे अक्कांना निरोप धाडायचा तोही तिच्याच हातून. मी म्हटलं, लिही... "सोमवारी सकाळी या, सांगितलेलं घेऊन या." ती म्हणाली, काय सांगितलेलं? मी म्हटलं, बिबडे, तुला होस्टेलला न्यायला. अक्कांना मात्र मी पाहुण्यांचं आधीच सांगून ठेवलं होतं.

"आत्या, बिबडे कुठे आहेत?" मंगलने दारातच विचारलं.

"कसाना बिबडा? पाव्हना येल शेतस, आधी पानी दे," अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे कसले बिबडे, पाहुणे आलेत.

मंगलने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पाणी दिलं, चहा दिला. मी चुलीपाशी उगाच पोहे हलवत बसले.

"कॉलेजात जाऊन काय करायचं बाई पोरींनी?" मुलाची आई म्हणाली. "चहात साखर किती घालायची ते काही तिथे शिकवत नाहीत."

"कमी झाली का? आणते," मंगल म्हणाली आणि साखरेचा डबाच त्यांच्यासमोर ठेवला.

नाना ट्रंकेला दोरी बांधत होते. म्हणाले, "मुलगी आज शिकायला चालली. बघण्याचं नंतर बघू." तर बाई म्हणतात, "आम्हाला पसंत आहे. आजची गाडी चुकली तर बिघडलं कुठे?" आणि खोटं कशाला बोलू... मला तेव्हा बरं वाटलं. पोटच्या पोरीची गाडी चुकावी असं मला वाटत होतं.

साडेदहाला मंगल सगळ्यांच्या पाया पडली. मी तिला कुंकू लावलं. सुपात तांदूळ, नारळ, खण काढून ठेवले होते... कशासाठी ते माझं मलाही सांगता येणार नाही. तीन पोरी त्या उंबऱ्यातून गेल्या त्या ओटी भरूनच. निघालेल्या लेकीला काय द्यायचं, ते माझ्या हातांना तेवढंच ठाऊक होतं.

मंगलने पदर पुढे केला. मी ओटी भरली.

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "लग्नाआधी मुलीची ओटी भरते का कुणी? मुलगी दुसरीकडे दिलेली असेल तर तसं सांगायचं."

अक्कांनी मला कोपर मारलं. "वहिनी, चुकून भरली म्हन ना."

तेवढाच एक शब्द होता. तो बोलले असते तर मंगल दोन गल्ल्या पलीकडे राहिली असती. पण ती दोन्ही हातांनी पदर धरून माझ्याकडेच बघत उभी होती... माझ्या तोंडून काही निघालं नाही.

पाहुणे उठले. रीत म्हणून म्हणाले, आखाजीला परत येऊ. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी यायचा सण. ते काही आले नाहीत.

मंगलने गाडीतून नानांना हात केला. माझ्याकडे बघितलं नाही. मी घरी येऊन सुपातले उरलेले तांदूळ डब्यात परत टाकले.

तिचं पहिलं पत्र नानांनी वाचलं, ते कामाला होते त्या कापसाच्या जिनातली नोटीस वाचावी तसं. मध्येच ठसका लागला म्हणून थांबले, मग शेवटचा नमस्कार वाचून मोकळे झाले. मला त्या ठसक्याचा राग आला. म्हटलं, आता आपलं आपण वाचायचं. शेजारच्या मारवाडी दुकानातल्या सुनेने मला पुड्यांच्या कागदावर अक्षरं गिरवायला लावली. दोन वर्षं लागली.

मग ते पहिलं पत्र काढलं. ठसक्याच्या जागी लिहिलं होतं... "नाना, हे आईला वाचून दाखवू नका. पाहुणे तिनेच बोलावले होते, पत्र माझ्याच हातचं. ओटी ती चुकून भरतेय हे मला कळत होतं, म्हणूनच पदर पुढे केला."

मंगल नंतर येत राहिली, पण चार दिवसांची पाहुणी म्हणून. तिने तो विषय काढला नाही, मीही नाही. नाना गेले, अक्का गेल्या... ते पत्र अजून ट्रंकेत आहे.

मंगलची मुलगी, माझी लाडकी नात, तिने हा फोन दिला आणि म्हणाली, आजी, लिही काहीतरी. म्हणून लिहिलं. मंगलही वाचेल. बरं झालं त्या दिवशी माझी जीभ हलली नाही... एवढं एकच मला चांगलं जमलं, तेही चुकून.

दोघी आखाजीला येतो म्हणाल्यात. मंगलने विचारलं, काय आणू? मी म्हटलं, बिबडे.