नवरदेव ओढणारी जोडी

दोनातानं आयुष्यात बैल हाकले नव्हते, नुसतं खायला घातलं होतं. हाकायचं काम तिच्या नवऱ्याचं, वितोचं. हिवाळ्यात वितो वारला आणि गोठ्यात पालुंबो आणि गालांते तेवढे उरले. मोंतेरोव्हेरे गावातली ती शेवटची जोडी. बाकीचे बैलवाले दूर उत्तरेत तोरिनोच्या कारखान्यांत गेले आणि त्यांचे बैल खाटकाकडे.

"वहिनी, आता हेही विकू," धाकटा दीर एजिदियो म्हणाला. "यंदा सणाचा ओक सावेरिओचा ट्रॅक्टर आणेल."

"नवरदेवाला यंत्राला बांधून फरफटत आणायचं?"

आमच्या या लुकानिया प्रांतात नापोलीचे राजे आले नि गेले. रानात बंडखोर लपले. जमीनदारांनी जंगल तोडलं आणि उघडी पडलेली चिकणमाती दर पावसाळ्यात बासेंतो नदीकडे घसरत राहिली. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, उरलेल्या रानातला एक उंच ओक गावात यायचा तो बैलांनीच. ओक नवरदेव. पलीकडच्या रानातलं काटेरी पानांचं झाड ही नवरी. चौकात दोघांना एकावर एक जोडून उभं करायचं, हेच त्यांचं लग्न.

"बरं," एजिदियो म्हणाला. "पण बैल वाटेत अडले, तर दुसऱ्या दिवशी खाटीक येईल."

"येऊ दे."

चर्चच्या चाळीस दिवसांच्या उपासात ती बैलांकडून लाकडं ओढून घ्यायचा सराव करत राहिली. जू एजिदियो घालायचा, कोण कुठल्या बाजूला ते तोच बघायचा; हाकायची ती. वितोसारखा आवाज तिला साधला नाही. तिनं आपलाच वापरला. बैल त्याला सरावले.

सणाच्या पहाटे एजिदियोची पाठ धरली. दोनातानं जू स्वतःच घातलं. बैल जुवात ज्या बाजूंना असत त्याच बाजूंना वितो त्यांना दावणीला बांधायचा, म्हणजे त्यांची सवय मोडत नसे. मोडक्या शिंगाचा पालुंबो दावणीत तिच्या डाव्या हाताला असायचा. तिनं मागं उभं राहून त्याला डावीकडे जुंपलं.

सपाटीवर ओक नीट आला. घसरलेल्या मातीच्या चढाला मात्र बैलांनी माना फिरवल्या. एक इकडे ओढी, एक तिकडे.

"दोनाता, खाटकाला आजच बोलवू का?" सावेरिओनं ट्रॅक्टरवरून विचारलं. लोक हसले.

ती पाणी घेऊन बैलांच्या पुढ्यात गेली. पालुंबोनं तिच्या उजव्या हाताच्या बादलीत तोंड घातलं. ती थबकली. इतकी वर्षं चारा घातला तो त्यांच्या तोंडासमोर उभं राहून. तिचा डावा हात तो त्यांचा उजवा.

तिनं जुवाच्या खुंट्या काढायला घेतल्या.

"अगं, वरात वाटेत सोडू नये," सावेरिओ आता हसत नव्हता. "वर्ष वाईट जातं."

"जाऊ दे. पण उलटे जुंपलेले बैल चढ चढायचे नाहीत."

पाठीला फडकं बांधून लोकांच्या मागं बसलेला एजिदियो उठून पुढं आला आणि त्यानं जुवाचं दुसरं टोक धरलं. बाजू बदलल्या. दोनातानं आवाज दिला. बैलांचे खांदे एकदम खाली झाले आणि ओक माती फाडत वर सरकला.

चौकात वाइन आणि तळलेल्या वाळक्या मिरच्या फिरत होत्या. ती थांबली नाही. बैल घेऊन घरी आली. मागोमाग एजिदियो.

"उद्या खाटकाला काय सांगशील?" तिनं विचारलं.

"जोडी पुढच्या लग्नाला ठरली आहे म्हणून सांगेन."

दोनाता गव्हाणीपुढं गेली नाही. बैलांच्या शेपटीमागं उभी राहून तिनं कोण डावा, कोण उजवा ते नीट पाहून घेतलं आणि मगच दावं बांधलं.