साकवाच्या अलीकडे

आमच्या गावात पोचवायला आलेला माणूस साकवापाशी थांबतो. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, माडाचे ओंडके टाकून केलेला तो पूल. पलीकडे थोडा चढ, चढावर एसटीचा थांबा. थांबा अगदी डोळ्यांसमोर असतो, पण पोचवणाऱ्याने पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं तर जाणारा परत येत नाही, म्हणतात. २०१२ च्या मे महिन्यात आम्ही ओमानला निघालो तेव्हा व्हाळात नुसते धोंडे होते. तरीही माझे सासरे, आबा, त्या कोरड्या धोंड्यांच्या अलीकडेच थांबले. मी सांगलीकडची, मला हसू आलं. माझ्या नवऱ्याला, मनोहरला, मुळीच आलं नाही. तो वाकून पाया पडला आणि ‘येतंय’ म्हणाला. आबांनी त्याला लहानपणापासून ऐकवलेलं पुन्हा एकदा ऐकवलं, “पाण्याक इचारल्याशिवाय पाय घालू नको.” वाळवंटात निघालेल्या माणसाला हा उपदेश! आमची सई तेव्हा तीन वर्षांची, बापाच्या खांद्यावर बसून सगळ्यांना टाटा करत होती.

अल हैलमध्ये कंपनीने फ्लॅट दिला. दोन बेडरूम, चार एसी, खाली सुपरमार्केट. मनोहर एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता, मला वादी कबीरच्या एका शाळेत लहान मुलांचे वर्ग मिळाले. तक्रार करावी असं काही नव्हतं. पण मनोहर चालणारा माणूस. गावी तो संध्याकाळी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन आला नाही तर त्याला जेवण जात नसे. अल हैलला चालायचं म्हणजे पार्किंगमधून लिफ्टपर्यंत, नाहीतर किनाऱ्यावर ट्रॅकसूटवाल्यांच्या मागून. “हेका चालणा म्हणतत?” असं म्हणून तो घरी परत यायचा. पहिल्या हिवाळ्यात त्याने गाडी काढली आणि डोंगराच्या पायथ्याशी एक खेडं शोधून काढलं. मग आमचे शुक्रवार त्या खेड्याचे झाले.

ती वाट इतकी सोपी होती की साडी आणि चपला घालून कोणीही करावी. मशिदीशी गाडी लावायची. पुढे खजुराच्या बागांमधून मातीच्या गडग्यांची, बुटक्या भिंतींची, अरुंद गल्ली, तिला मनोहर पाणंद म्हणायचा. पाणंदीच्या कडेने डोंगरातून आणलेलं पाणी खळखळत असे. तिथले लोक त्याला फलज म्हणतात, आमच्यासाठी तो पाटच. पाट संपला की वादी, म्हणजे नदीचं रुंद, कोरडं पात्र. मधोमध घोटाभर पाण्याची एक ओघळ. ती ओलांडली की पलीकडे बोराचं मोठं झाड, त्याखाली आमची चटई आणि डबा. येताना बागेचा मालक, एक म्हातारा ओमानी, आम्हाला गडग्यावरून हाक मारून कॉफी आणि खजूर द्यायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. सईचं मराठी शाळेत जायला लागल्यापासून अडखळायला लागलं होतं, पण पाणंद, गडगा, पाट हे शब्द ती त्या वाटेवर शिकली. मला तेव्हा खरंच वाटायचं की आमचं बस्तान बसलं.

हे सगळं मी गावाकडच्या तुम्हा मंडळींसाठी लिहितेय, आणि आमच्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. तुम्ही मला अजून विचारता, वाळवंटात माणूस बुडतो कसा? कोणी तोंडावर विचारता, कोणी माझी पाठ वळल्यावर. तर असा बुडतो.

तो शुक्रवारही नेहमीसारखाच होता. डोक्यावर निळं, स्वच्छ आभाळ. जेवणं झाली होती, सई चटईवर लोळत होती. तेवढ्यात पलीकडच्या गडग्यावर चढून चाचा दोन्ही हात हलवायला लागला. “वादी! वादी! यल्ला, यल्ला!” वादी येतेय, निघा, हे आम्हाला कळलं. कळलं नाही असं मुळीच नाही. मी सईला उचललं आणि ओघळ ओलांडून चाचाच्या बाजूला आले. मनोहर चटई गुंडाळत होता. ती बगलेत धरून तो ओघळीपाशी आला आणि वाकला. हे पाण्याला विचारणं मी त्याला गावी शंभरदा करताना पाहिलंय. त्याने पाण्यात बोटं बुडवली, ओंजळभर पाणी उचलून उजेडात धरलं. मग कपाळावर हात ठेवून आभाळ पाहिलं.

व्हाळाचं त्याला पक्कं ठाऊक होतं. आबांनी शिकवलेलं. पूर सांगून येतो. आधी पाणी तांबडं होतं, मग पातेरा, झाडांचा पालापाचोळा, वाहून येतो, मग पाणी चढायला लागतं. तोवर माणसाला गुरं पलीकडून आणण्याइतका वेळ मिळतो.

“गढूळ नाय अजून,” तो मला ओरडून म्हणाला. “डबो रवलो थय. तुमी व्हा फुडे, मी येतंय.”

आणि तो बोरीकडे परत गेला.

आधी आवाज आला. मला वाटलं, कुठेतरी डंपर खडी ओततोय. पाणी तांबडं झालं नाही, पातेरा आला नाही. चिखल, धोंडे, उपटलेले खजूर, सगळं एकदम, माणसाच्या उंचीचं होऊन वळणावरून आलं. पाऊस पडला होता मागच्या डोंगरात, आम्हाला दिसतही नव्हता तिथे. तिथला दगड पाणी पीत नाही, सगळं खाली सोडतो. मनोहर बोरीला पोचला होता. मग बोरही दिसेनाशी झाली. मी सईचं तोंड माझ्या पोटाशी दाबून धरलं, तिला श्वास घेता येईना इतकं.

गावातले सगळे पुरुष वादीच्या कडेने शोधत गेले. चाचाच्या बायकोने मला स्वतःची शाल पांघरली आणि माझा हात सोडलाच नाही. मनोहर खूप खाली सापडला, पाणी ओसरल्यावर. चाचा रडत एकच सांगत राहिला की मी हाक मारली होती. हो चाचा, मारली होती.

आम्ही त्याला गोव्याच्या विमानातून नेलं. तो साकवावरून आला, चौघांच्या खांद्यावर, तेव्हाही व्हाळ कोरडाच होता. दहाव्याच्या दिवशी आबांनी मला विचारलं, “पाऊस नाय, तर पाणी खयसून इला?” मी डोंगराचं, दगडाचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. “म्हंजे आभाळ थय नि पाणी हय?” एवढंच म्हणाले. त्यांना पटलं नाही. मला त्यांचा राग आला, खूप आला. मी काहीतरी लपवतेय असं गावातल्या चारजणांना वाटत होतं, तसं त्यांनाही वाटतंय, असं मी धरून चालले. आता कळतं, की त्यांना पटलं असतं तर आपण पोराला शिकवलेलं सगळं त्याच्याच गळ्याशी आलं हेही मान्य करावं लागलं असतं. बापाने ते कशाच्या जोरावर मान्य करायचं?

सईची शाळा तिथे, माझी नोकरीही तिथेच, म्हणून आम्ही परत गेलो. कंपनीचा फ्लॅट सोडून वादी कबीरला दोन खोल्या घेतल्या. पत्ता सांगताना रोज तोंडातून ‘वादी’ निघतं. त्या खेड्याकडे मी पुन्हा गेले नाही. शुक्रवारी आम्ही मॉलमध्ये चालतो.

२०१८ च्या जूनमध्ये सुट्टीला गावी गेलो, जुलैच्या अखेरीस निघालो. व्हाळ दुथडी भरून वाहत होता, लालभडक. आबा छत्री घेऊन पोचवायला आले. साकवापाशी मी थांबले, पाया पडायला वाकले, तर ते माझ्या पुढे जाऊन ओंडक्यावर पाय ठेवत होते. मी घाबरून म्हटलं, “आबा, पाणी ओलांडायचं नाही ना?”

ते वळले नाहीत. “तेव्हा मी थांबलंय. तरी तो इलो नाय,” ते म्हणाले. “आता कित्याक थांबू?”

थांब्यापर्यंत आले. सईच्या हातात पिशवी दिली आणि एसटी दिसल्यावर लगेच उतारावरून परत निघाले. मी त्यांना पाहत राहिले. साकवावर चढण्याआधी ते काठाशी वाकले आणि त्यांनी पाण्यात बोटं बुडवली.

“आई,” सई म्हणाली, शब्द शोधत, “आजोबा पाणी विचारतायत. बाबासारखं.”

घर कुठे, असं कोणी विचारलं की मी हल्ली वादी कबीर सांगते. खरं तर घर म्हणजे मला तो वाकलेला म्हातारा आणि त्याच्यासारखाच वाकलेला त्याचा मुलगा. एसटी सुटली, तरी आबा वाकलेलेच होते. मी सईला खिडकीपाशी बसवलं आणि सांगितलं, ते साकव ओलांडून पलीकडे जाईपर्यंत बघत राहा.